चुन्याच्या रेघेआतली जागा

आम्ही गाव सोडले ते पळसाच्या पानांवर बसून. बैलगाडीत पत्रावळींचे भारे रचले होते, त्यांवर घोंगडी अंथरली होती आणि घोंगडीवर माझी थोरली बहीण भागी आणि मी. आमचे गाव चौक नावाच्या बाजारगावापासून आत, इर्शाळगडाच्या पायथ्याशी. गाडी पनवेलच्या बंदराला जाणार होती. तिथून मचव्याने मुंबई. खोपोलीपर्यंत आगगाडी येऊन तेव्हा बराच काळ लोटला होता. पण डब्यात भारे चेपतात आणि कडेच्या पत्रावळी फाटतात, म्हणून आमच्याकडचा माल बंदरानेच जाई. आम्ही मालाबरोबर निघालो होतो, तेव्हा मालाची वाट तीच आमची.

आई दारात उभी राहिली नाही. ती परड्यात जाऊन काहीतरी उपटत बसली होती. काय, ते मला दिसले नाही. वडील गाडीबरोबर वेशीपर्यंत चालत आले. बैलाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "मागं वळून बघू नका रं. तुमी बघितलं की गाडीवान बघतो, आन् गाडीवान बघाया लागला की बैल थांबतात."

"आमी नाय बघत," भागी म्हणाली, "पन तुमी जावा घरी. बैल तुमच्याकडंच बघतोय."

वडिलांचे हसू ऐकू आले नाही, पण पावले थांबली. गाडी पुढे गेली. मी मागे पाहिले नाही. पुढे ते बरीच वर्षे जगले आणि मी त्यांना अनेकदा पाहिले. तरी वेशीवरचे वडील मला आठवतात ते आवाजाने. चेहरा आठवत नाही, कारण तो मी पाहिलाच नव्हता.

मी चौकाच्या शाळेत मास्तर होतो. मुंबईच्या एका वर्तमानपत्राला प्रुफे तपासण्यासाठी शुद्ध लिहिणारा माणूस हवा होता आणि माझी तिथे वर्णी लागली. भागी विधवा होऊन माहेरी परतली होती, मूलबाळ नव्हते. "ह्याला तिकडं जेवाया कोन घालंल?" असे आईने चारचौघांत विचारले आणि त्याचे उत्तर म्हणून भागी माझ्याबरोबर निघाली. गावाला सांगायला तेवढे पुरेसे होते. भागीचे स्वतःचे कारण निराळे होते. आमच्या गावातल्या बायका पावसाळा सोडला तर वर्षभर पत्रावळी टाचत. पनवेलचा व्यापारी येऊन भारे उचलून नेई आणि पुढे त्या पानांचे काय होते हे कोणाला ठाऊक नसे. "आपन टाचायचं, आन् जेवनारा कोन ते बघायचं बी नाय?" असे ती म्हणे. मी तिला सोबत नेत आहे असे गाव समजत होते. निदान पहिली काही वर्षे मीच तिच्या सोबतीला होतो.

छापखान्याच्या मागच्या चाळीत आम्हाला एक खोली मिळाली. जिन्याखालची, एका खिडकीची. खिडकीतून समोरच्या भिंतीखेरीज काही दिसत नसे. गावी असताना सकाळी उठल्यावर इर्शाळगडाच्या नेढ्यातून, सुळक्यातल्या त्या आरपार भोकातून, आभाळ दिसते की ढग, ते पाहून दिवसाची कामे ठरत. इथे दिवस कसा उगवला हे समजायला रस्त्यावर यावे लागे. भागी पहिल्या आठवड्यात रोज रस्त्यावर जाऊन आभाळ बघून येई आणि मग चूल पेटवी. पुढे तिने ते सोडून दिले. कधी सोडले ते माझ्या लक्षात आले नाही.

ती जिथे बसू लागली त्या रस्त्याचे नाव इथे देत नाही; तो रस्ता आता तसा राहिलेला नाही. एका बाजूला खानावळी, दुसऱ्या बाजूला एका बंद वखारीची लांब भिंत. भिंतीला लागून फरसबंदीची वाट होती. तिला फुटपाथ म्हणायला आम्ही नंतर शिकलो. भिंतीची सावली दुपारपर्यंत टिके आणि पत्रावळीला सावली लागते. ऊन बसले की पान कडकडीत होते आणि हात लावताच चिरते. भागी पहिल्या दिवशी डोक्यावर भारा घेऊन तो रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली, ऊन कुठवर सरकते ते पाहिले आणि मगच भारा खाली ठेवला. शेजारी वसईची कातरीन केळी घेऊन बसलेली होती. लाल लुगडे, गळ्यात क्रूस, आवाज खणखणीत.

"काय गं, झाडपाला इकतेस? बकऱ्यांना का मानसांना?"

"मानसांना. बकऱ्या पान खातात, मानसं पानावर खातात. येवढाच फरक."

"मंग माझी केळीच बरी. दोघं बी खातात," कातरीन म्हणाली आणि दोघी हसल्या. त्या रस्त्यावर जागा मिळायला तेव्हा इतकेच लागत होते.

भागीचा जम बसला. समोरच्या सर्वांत मोठ्या खानावळीचे मालक, ज्यांना सगळा रस्ता अण्णा म्हणे, ते तिच्याकडूनच पाने घेऊ लागले. व्यापाऱ्याची पाने शिळी असत आणि मधले पान तुटके लावलेले असे. भागी प्रत्येक पत्रावळ उलटी करून बोट फिरवून देई. गावाकडून भारे आता थेट तिच्या नावाने येऊ लागले. मचवा धक्क्याला लागला की ती उतरून घ्यायला जाई आणि मचवा हाकणाऱ्या तांडेलाच्या तोंडी घरचे निरोप घेऊन येई. आईचा निरोप बहुधा खाण्याचा असे. एका भाऱ्यात वालाची पुरचुंडी निघे, दुसऱ्यात नाचणीचे पीठ. गावातली दहापाच घरे तिच्या त्या हातभर जागेवर चालत होती, आणि हे त्या घरांना माहीत होते. माझ्या पगाराचे गावात कौतुक झाले. भागीच्या जागेची चौकशी होई. "सावली हाय का अजून?" असे तांडेल दर खेपेला विचारी. त्याला तसे विचारून ये म्हणून सांगितलेले असे.

शहर वाढत होते. घोड्यांच्या ट्राम सुरू झालेल्या होत्या आणि त्यांचे रूळ एकेका रस्त्यात शिरत होते. रस्त्यात गाड्या, म्हणून माणसे फुटपाथवर. फुटपाथवर विकणारे, म्हणून माणसे पुन्हा रस्त्यात. आमच्या पत्राकडे वाचकांच्या तक्रारी येत. सभ्य माणसाला चालण्यास वाट उरलेली नाही, बायकामुलांस चाकांखाली जाण्याचे भय आहे, टोपल्यांनी पदपथ व्यापले आहेत. ती पत्रे मी तपासत असे. त्यांतली शुद्धलेखनाची चूक मी दुरुस्त करी. मजकुरात चूक नसे. वाट खरोखरच उरलेली नव्हती. छापखान्यातून निघून मी भागीला भेटायला जाई तेव्हा मलाही कधी रुळांवरून चालावे लागे.

मग रस्त्यांच्या खात्याने नियम केला. विकणाऱ्यांनी भिंतीला पाठ लावून बसावे. त्यांच्यापुढे चुन्याची रेघ ओढली जाईल; टोपली, भारा, पाय, काही रेघेबाहेर येऊ नये. ज्यांना त्या जागी बसायचे असेल त्यांनी खात्याकडून परवाना घ्यावा. नियम आमच्या पत्रात छापून आला. मी तो वाचला, दोनदा तपासला, आणि घरी भागीला वाचून दाखवला.

रेघ ओढली त्या सकाळी मी तिथे होतो, कारण तोवर संपादकांनी मला अधूनमधून बातमीसाठी बाहेर पाठवायला सुरुवात केली होती. एक मुकादम आणि चुन्याची बादली धरलेले दोन गडी. मुकादम देशावरचा, वाईकडचा. दोरी ताणून त्याने भिंतीपासून अंतर घेतले आणि बसलेल्या प्रत्येकीपुढून रेघ नेली. दोघींच्या मध्येही एकेक आडवी रेघ मारली, म्हणजे भांडण नको. भागीपुढची रेघ पुरी झाली तशी ती उठली, तिने वाकून हात जोडले आणि एक कोरे पान रेघेच्या आत ठेवले.

"ओ बाई, पाया कशाच्या पडताय?" मुकादम म्हणाला. "चुना हाय त्यो."

"चुना असू दे नायतर राख. तुमी आखून दिलंत ना?"

"दिलं की."

"मंग झालं."

मुकादम हसला आणि पुढे गेला. मीही ते लिहून घेतले नाही. बातमीत त्याला जागा नव्हती. पण तिथे काय घडले ते आमच्या गावच्या माणसालाच कळले असते. आमच्याकडे भात झोडून झाले की खळ्यात रास लावतात आणि राशीभोवती राखेची रेघ ओढतात. रेघ ओढली की खळ्यात वहाणा घालून कोणी येत नाही, मोठ्याने बोलत नाही, आणि रेघेच्या आत ज्याची रास त्याची. वाटा न्यायला आलेला जमिनीचा मालकसुद्धा बाहेर उभा राहून मापाची वाट पाहतो. दुसऱ्या कोणी येऊन तुमच्या राशीभोवती रेघ ओढून दिली, तर ते शब्द देण्याहून मोठे असते. शब्द बोलताना चार माणसे हजर असतीलच असे नाही. रेघ सगळ्यांना दिसते.

भागीच्या लेखी तिला त्या सकाळी जागा मिळाली होती.

मी तिला परवान्याचे पुन्हा सांगितले. तिने तांदूळ निवडता निवडता ऐकले. "रेघ मारून दिल्यावर कागूद कशाला?" म्हणाली.

"रेघ कुठवर बसायचं त्याची. परवाना कोण बसणार त्याचा."

"मी बसलेली असताना मारली ना? मला बघून मारली."

"बाय, सगळ्यांनाच मारली."

"मंग सगळ्यांनाच दिली. तू कागूद छापतोस, म्हनून तुला जिथं तिथं कागूदच दिसतो." मग थोड्या वेळाने, निवडलेले तांदूळ सुपात सारत, ती गंभीरपणे म्हणाली, "सदू, दिलेलं परत मागायला गेलं तर देनाऱ्याला खोटं पाडल्यासारखं होतं रं. तो मुकादम चांगला मानूस हाय."

मी पुढेही दोन वेळा विषय काढला. एकदा तिला खात्याच्या कचेरीच्या दारापर्यंत नेले. ती दारातून परत फिरली. तिला लाज वाटत होती, आणि ती मुकादमाच्या वतीने वाटत होती.

कातरीनने परवाना पहिल्याच महिन्यात काढला. तिच्या वसईच्या एका नातलगाचे त्याच रस्त्यावर घर होते, त्याची ओळख चालली. परवाना मिळाल्यावर ती रेघेला जुमानीनाशी झाली. पायाने चुना पुसायची, टोपली बाहेर सारायची, मुकादम आला की आत ओढायची. भागीचे उलटे होते. पावसाने रेघ धुपली की ती पानवाल्याकडून चुना आणून, जुनी खूण शोधून, बोटाने रेघ पुन्हा भरून काढी. एक बोटभरही पुढे नेत नसे.

"अगं, जरा पुढं घे की," कातरीन म्हणे. "कोन मोजतंय?"

"मोजत नाय म्हनून तर."

"तू सासरी काय टिकली असशील ते मला कळतंय," कातरीन म्हणाली, आणि जीभ चावली. कारण भागीचे सासर कसे सुटले ते तिला ठाऊक होते. भागीने तिच्याकडचे एक केळे उचलून सोलले आणि खाल्ले. त्या दोघींत तेवढ्याने मिटायचे.

असे काही वर्षे चालले. वडील गेले ते याच काळात. निरोप तांडेलानेच आणला. आम्ही दोघे पनवेलच्या वाटेने गेलो आणि दिवस घालून परत आलो. परतताना भागी गावातच राहील असे मला वाटले होते. "जागा मोकळी पडंल," एवढेच बोलून ती गाडीत चढली. त्या दिवसापासून मी तिच्या जागेकडे आमची जागा म्हणून पाहू लागलो, असे आज वाटते. मुंबईत माझे म्हणण्यासारखे काही नव्हते. खोली भाड्याची, टेबल छापखान्याचे, लिहिलेले नावाशिवाय छापले जायचे. भिंतीच्या सावलीतला तो तुकडा मात्र, जोवर ती तिथे बसलेली असे तोवर, गावाचा एक बाहेर आलेला कोपरा होता. संध्याकाळी मी तिथे जाऊन भिंतीला टेकून उभा राही. ओल्या गोणपाटाचा आणि पळसाच्या पानांचा वास येई. तुमच्यापैकी जे गावातच राहिले त्यांना हा वास येतही नसेल.

ट्रामचे रूळ त्या रस्त्याला वळवायचे ठरले. रस्ता रुंद करायचा, म्हणून फुटपाथ अरुंद. फुटपाथ अरुंद, म्हणून बसणारे कमी. परवाना असेल त्यांनाच भिंतीपाशी नवी, आखूड जागा मिळणार होती. मुकादम तोच होता. आता त्याच्या मिशा पिकल्या होत्या. त्याने भागीपुढे उभे राहून घसा साफ केला.

"बाई, परवाना दाखवा."

"तुमीच आखून दिलेलं हाय."

"ती रेघ पुसली आता. नवी पडनार."

"पुसली कुठं? ही काय."

मुकादमाने खाली वाकून पाहिले. चुना ताजा होता, रेघ सरळ होती आणि तिच्यावर बोटाचे ठसे होते. तो बराच वेळ वाकलेला राहिला.

"ही आमची न्हाई बाई," तो म्हणाला. "ही तुमी मारलेली हाय."

 इतकी वर्षे भागीने जी राखली ती रेघ तिचीच होऊन बसली होती, आणि स्वतःभोवती स्वतः ओढलेल्या रेघेला आमच्या गावातही किंमत नाही. हे तिला मुकादमाने समजावून सांगावे लागले नाही. तिचा चेहरा पाहून तो मागे सरला. त्याने भारे उचलले नाहीत. आठवडाभराची सवड दिली. "परवाना काढा अजून. दोन घरमालकांची सही लागती, ह्याच रस्त्याच्या. तुमाला कोन न्हाई म्हननार?"

या वेळी ती मागायला गेली. मी बरोबर होतो. अण्णा गल्ल्यावर बसले होते. खानावळ त्यांची, वरचे घरही त्यांचे. भागी पायरीखाली उभी राहिली.

"अगं, रोज बघतो मी तुला," अण्णा म्हणाले. "पण सही म्हणजे या बाईला मी ओळखतो असं लिहून देणं. तू कुठली, कोणाची, मागे कोण, मला काय ठाऊक?"

"चौकाकडची. इतकी वर्सं पानं घेता की हो."

"पानं ओळखतो. पानांसाठी सही मागतेस तर आत्ता देतो." ते वाईट बोलले नाहीत. हसत बोलले, आणि तिला आतून ताक आणून दिले. शेजारच्या कापडवाल्याने दुसऱ्या कोणाची सही आधी आणा असे सांगितले. मी भाडेकरू, माझी सही चालत नव्हती. संपादकांनी आनंदाने सही दिली असती. त्यांचे घर दुसऱ्या रस्त्यावर होते. कातरीनचा नातलग घर विकून वसईला गेला होता. त्या रस्त्यावर भागीला नावाने हाक मारणारी माणसे पुष्कळ होती. ती कोण हे लिहून देणारे मिळाले नाही.

कातरीन म्हणाली, "माझ्या रेघेत बस. अर्धी तू, अर्धी मी. मुकादमाला मी बघते."

"दोन राशी एका रेघेत नाय बसत गं."

"कसली रास? चार पानं आन् दोन फण्या!"

"बसल्या तर तुझी कुठली, माझी कुठली? कुनीतरी इचारंल, तवा तू खोटं बोलशील माझ्यासाठी. नको."

कातरीन रागावली आणि रडली. वसईची माणसे मोठ्याने रडतात. भागी तिच्या पाठीवर हात फिरवत राहिली, जणू जागा कातरीनची गेली होती.

फिरून विकायला परवाना लागत नव्हता. फक्त ओझे खाली ठेवायचे नाही अशी अट होती. भागीने ते करून पाहिले. पत्रावळीचा भारा डोक्यावर घेऊन ती खानावळींपुढून फिरत राहिली. गिऱ्हाइकाला एकेक पान उलटून दाखवायचे तर भारा उतरवावा लागतो. उतरवला की शिपाई हटकी. न दाखवता विकायचे तिला जमेना. उन्हात पाने चिरू लागली. अण्णांनी तिसऱ्या की चौथ्या दिवशी एक चिरलेली पत्रावळ तिच्यापुढे धरली.  त्या दिवशी ती लवकर घरी आली.

नव्या फुटपाथची बातमी मला लिहायला मिळाली. लोकांस चालण्याची सोय झाली, ट्रामचा खोळंबा कमी झाला, विकणाऱ्यांस शिस्तीने जागा नेमून देण्यात आल्या. ती बातमी मी आजही तशीच लिहीन. तिच्यात एक शब्द खोटा नव्हता. बातमीत लिहिणारा नसतो, हे मला तोवर चांगले अंगवळणी पडले होते. भागीही नव्हती.

ती गावी परत निघाली तेव्हा धक्क्यावर भरती लागायची होती. मचवा रिकामा परत चालला होता, म्हणून तांडेलाने तिला ऐसपैस जागा दिली. बोचके, तवा, पाटा. वरवंटा मी ठेवून घ्यावा असे तिचे म्हणणे होते. पाट्याशिवाय वरवंटा काय करू, असे मी म्हणालो, तर "नुसता असू दे घरात" म्हणाली. शेवटी तोही गेला.

"दिवाळीला येशील?"

"येईन."

"जेवनाचं काय करशील?"

"अण्णांकडे जेवीन."

 पाणी चढत होते, दोरखंड ताणले जात होते. "जेव," ती म्हणाली. "पान कुनाचं हाय ते बघू नको. गरम असेल तवा जेव."

मी अण्णांकडे जेवू लागलो. पाने पुन्हा व्यापाऱ्याची येत होती. पहिल्या दिवशी आमटी मधल्या फटीतून पाटाखाली गेली आणि वाढप्याने मुकाट्याने दुसरी पत्रावळ खाली सारली. गर्दी इतकी असे की शेजारी कोण जेवतो ते मान वळवून पाहण्याची पद्धत नव्हती. मी नियमाप्रमाणे मान वळवली नाही. खोलीवर आलो की चूल तशीच थंड असे. काही दिवस मी ती सकाळी पेटवून पाहिली; तिच्यावर ठेवायला काही नव्हते, मग विझवली.

संध्याकाळी त्या रस्त्याने जाणे मी सोडले नाही. नवा फुटपाथ खरोखर चांगला होता. चालताना थांबावे लागत नसे, कोणाच्या टोपलीला पाय लागत नसे. दिवे लागले की लांबवर स्वच्छ दिसे. कातरीन काही महिने होती. मी दिसलो की हातात केळे देई आणि भागीचे विचारी. मग एका पावसाळ्यानंतर तीही आली नाही. तिच्या गावाचे नाव मी कधी विचारले नव्हते. वसई म्हणजे मोठा मुलूख आहे. आता त्या वाटेवर मला ओळखणारे कोणी नाही, आणि मी तिथून न अडखळता, एका दमात पलीकडे जातो. आमच्याबरोबर मुंबईला निघून आलेल्यांपैकी कोणी हे वाचत असेल, तर त्याला वेगळे सांगायला नको. शहर आपल्याला वाट देते. वाट म्हणजे थांबायचे नाही अशी जागा.

दिवाळीला जायचे राहिले. पत्राचे काम वाढले होते. पुढच्या उन्हाळ्यात गेलो. आता मी आगगाडीने कर्जतला उतरतो आणि मिळेल त्या गाडीने खाली येतो. चौकाचा बाजार भरला होता. घाटातून आलेल्या आणि घाटाकडे निघालेल्या बैलगाड्या सडकेला लागून सोडल्या होत्या, आणि त्यांच्या पलीकडे बायका ओळीने बसल्या होत्या. ओळ म्हणावी अशी सरळ नव्हती. एक पुढे, एक मागे, कोणाचे पोर मध्येच पसरलेले. भागी पत्रावळी घेऊन बसली होती. उघड्यावर, भर उन्हात. तिने भाऱ्यावर ओले लुगडे टाकले होते. लग्नसराईमुळे तिच्यापुढे दोनतीन गिऱ्हाइके होती आणि ती एकेक पान उलटून दाखवत होती. तिने मला अजून पाहिले नव्हते.

अंगात डगला, डोक्याला पगडी, हातात छत्री अशा वेशात मी तिच्या शेजारच्या बाईपुढे उभा होतो. ती बाई नवी होती. मधल्या काळात कुठूनतरी लग्न होऊन आलेली असावी. तिच्यापुढे कैऱ्या होत्या. तिने मला खालपासून वरपर्यंत पाहिले.

"पाव्हनं, कुठलं म्हनायचं?"

हा प्रश्न मला मुंबईत कितीदा विचारला गेला होता. खोली घेताना, नोकरीत, खात्याच्या कचेरीत. त्याचे उत्तर माझ्या तोंडात तयार असे: कर्जत तालुका, खालापूर पेटा, चौकानजीक. मी तोंड उघडले. पण मी उभा होतो तिथेच होता चौक. तिथे ते उत्तर देता येत नव्हते, आणि दुसरे मला येत नव्हते. बाई वाट पाहत होती. कैरी घ्यायचीच म्हणून मी एक उचलली.

भागीने मान वर केली नाही. तिचे बोट पानाच्या टाक्यावरून फिरत होते. पाय पाहून ओळखले की छत्री पाहून, ते मला कळले नाही.

"आमचाच हाय त्यो," ती म्हणाली. "मुंबईला असतो."

बाईला तेवढे पुरले. तिने माझ्या हातातली कैरी काढून घेऊन दुसरी, चांगली दिली, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

माझ्यापुरते घर एवढेच उरले आहे: मी कुठला असे कोणी विचारले, तर माझ्याऐवजी जिथे दुसरे कोणी, हातातले काम न थांबवता, उत्तर देते. त्याला सही लागली नाही. भागीचे पहिले वाक्य ऐकले तेव्हा मी घरी पोहोचलो होतो. दुसरे ऐकले तेव्हा परत निघालो होतो. दोन्ही खरी होती, आणि तिने ती एका दमात म्हटली होती. मी कैरी घेऊन उन्हात उभा राहिलो, तिचे गिऱ्हाईक उरकेपर्यंत.